लाकडी मुखवट्यामागचे पाय

न्यू उल्म, सोमवार

प्रिय आई,

मी, रोलंड आणि बाळ, आम्ही तिघंही मजेत आहोत, काळजी नको.

शनिवारी फाशिंगच्या, म्हणजे उपासाच्या दिवसांआधीच्या सोंगांच्या जत्रेत लाकडी मुखवट्यातल्या एका सोंगाड्याने मला पोल्का नाचायला ओढलं. तोंडातून अवाक्षर नाही, पण दर गिरकीला माझ्या डाव्या पायावर पाय! असं नाचणारा माणूस मला एकच ठाऊक आहे. आणि लूथरन घरातली असून मी कॅथलिक नवरा केला म्हणून तो चार वर्षं माझ्याशी बोललेला नाही.

रोलंड हसतो. "तुला काय, बँडवाल्याचाही संशय येईल!"

शनिवारी बाबा कुठे होते गं?

नाचता नाचता मी सोंगाड्याच्या खिशात बाळाचा फोटो सरकवलाय. बाबांच्या कोटाचे खिसे तपास. तिथे नसला, तर त्यांच्या उशीखाली बघ.

तुझी शंकेखोर
हेडविग