शीग की सपाट

तीर्थस्वरूप पार्वतीआक्का,

लातूरहून संगप्पाचं शरणार्थ. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो की नाही ते कळवा. (गिरिजा असती तर तिनं हे फोनवर अर्धा तास विचारलं असतं. मला फोनवर बोलवत नाही, म्हणून पत्र. शेजारचे शेषेराव उद्या नांदेडला येणार आहेत, ते पत्र आणि सोबतचा डबा आणून देतील.) माझी तब्येत बरी आहे. भीती तेवढी वाटते.

कारण असं. तुमच्या बहिणीची माती झाल्यापासून, म्हणजे पाच महिने, साक्षी पुण्याहून घरी आलेली नाही. चार दिवसांपूर्वी फोनवर म्हणाली, "येऊन काय करू आप्पा, घरात आईच नाही." मी कधी घाईनं बोलणारा माणूस नाही, पण तोंडातून निघून गेलं, "आईचा रव्याचा केक करतो मी. अगदी तसाच." ती म्हणाली, "वाढदिवसाला येते." वाढदिवस रविवारी आहे. केक फसला तर पोरगी पुन्हा या घरात यायची नाही, असं माझ्या मनानं घेतलं आहे.

गिरिजाच्या वहीत सगळं आहे: दोन वाट्या रवा, एक वाटी साखर, एक वाटी दही, अर्धी वाटी तूप, चमचाभर सोडा. तिची वाटीही फडताळात आहे. पण मी दालमिलच्या काट्यावर एकतीस वर्षं काढली. वाटी हातागणिक बदलते, ग्रॅम बदलत नाहीत. म्हणून लहान काटा आणला. एकदा वाट्यांचे ग्रॅम करून ठेवले की चुकायला जागा नको. (मोबाइलमध्येही पाहिलं. त्यांचा कप आपल्या वाटीहून मोठा, आणि कोणाही दोघांचा कप सारख्या वजनाचा नाही.)

आता आमच्या घरी माप कसं भरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. शीग न लावता कुणाला वाटीभर पीठ दिलं तर माझी आई दोन दिवस बोलायची नाही. मी सगळं शिगेनं, काठावर ढीग करून भरलं. रवा वाटीला दोनशे आठ ग्रॅम, साखर दोनशे बारा. दह्याला शीग कुठली लागायला, ते काठोकाठच राहिलं. सोड्याच्या चमच्याला मात्र चांगलीच लागली. शिट्टी काढलेल्या कुकरात मीठ पसरून भांडं ठेवलं. वीस मिनिटांनी आतून झाकणाला काहीतरी थडकलं. मी गॅस बंद केला, सिलिंडरचं रेग्युलेटर काढलं आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. शेषेराव भिंतीवरून म्हणाले, "आत साप निघालाय का काय, संगप्पा?" केक आहे म्हटल्यावर ते हसत आत आले, तुकडा तोंडात घातला आणि म्हणाले, "हे दातानं न्हाई जमत बाबा. खलबत्ता हाय का?" कडूही झाला होता.

दुसऱ्या वेळी सगळं सपाट. रवा एकशे सहासष्ट, साखर एकशे शहात्तर. मऊ झाला, पण परक्या घरचा वाटला. म्हणजे गिरिजा काही शिगेनं भरायची आणि काही सपाट. काय कसं, ते वहीत नाही. काल वाटी हातात धरून मी स्वयंपाकघरात मोठ्यानं विचारलं, "अगं, रवा शीग का सपाट?" मग माझीच मला इतकी भीती वाटली की दिवसभर गॅस पेटवला नाही.

घरी सर्वांना शरणार्थ सांगा.

तुमचा,
संगप्पा

ता. क. डब्यात दुसऱ्या वेळचा केक आहे. खाऊन काय कमी आहे ते सांगा. जमलं तर शुक्रवारच्या एसटीनं याच. तुम्ही तिला वाटी भरताना पाहिलं आहे. तुम्ही तशी भरा, मी वजन करतो.

ता. क. गुडघ्यामुळे वाटी धरून बसवत नसेल, तर केक राहू द्या. पण या. साक्षी दारात आली की तिच्याशी पहिलं काय बोलायचं असतं, ते मला माहीत नाही. ते आजवर गिरिजाच बोलायची.