बेडूक बोलत नाही

प्रिय दादा,

तुझ्या बेस गिटारचं पेडल मिळालं. केतन कोळंबी घेऊन नेरूळच्या मार्केटला आला होता, तो घरी देऊन गेला. चहा घेतला नाही, गाडी रस्त्यात उभी आहे म्हणाला. त्याआधीच तुझा आवाज मोबाईलवर आला होता: "बेडूक परत गप झाला गो. जॅक बग, नायतर बॅटरीची वायर बग. हळदी लागल्यात, लवकर दे." मी तो दोनदा ऐकला आणि मग तुझा बेडूक टेबलावर ठेवला. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याला थांबवतोस. म्हणून कागदावर लिहिते आहे. हा कागद डब्यात पेडलच्या खाली असेल.

आधी कामाचं. पेडलच्या पत्र्याला नेहमीसारखं मीठ चढलं होतं. किहीमच्या हवेत दुसरं काय होणार? झाकण उघडून सगळं पुसलं, जॅक साफ केला, सोल्डरचे सांधे भिंगाखाली पाहिले. बॅटरी नवीन निघाली. बेस आणि गिटारसाठी जो खटका आहे, तो बेसच्या बाजूलाच होता.

हे पेडल का बनवलं ते मला नीट आठवतं. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष होतं. बेंजो पार्टीतला तुझा बेस लोकांना ऐकूच येत नाही, बेंजो सगळं खाऊन टाकतो, अशी तुझी तक्रार होती. पायाने दाबलं की सूर 'वॉव' करून उघडतो ते वाह पेडल तू कुणाकडून तरी आणलंस. ते हळदीच्या चालत्या टेम्पोवर एका पायावर उभं राहून दाबताना तू फळीवरून खाली गेलास, आणि दोन दिवस बायका तुला बघून तोंडाला पदर लावत होत्या. तेव्हा मला म्हणालास, "पायाला काम नको. बोटांनीच तोंड उघडंल असा कायतरी कर." तेच केलं. तारेवर बोट किती जोरात पडलं ते सर्किट मोजतं आणि तेवढाच आतला फिल्टर उघडतं. हळू वाजवलं तर आवाज बंद तोंडाने बोलल्यासारखा. जोरात वाजवलं तर तोंड उघडतं, वॉव. बाकी काही नाही. याला ऑटो-वाह म्हणतात म्हणून लोकांना वाटतं ते आपोआप चालतं. आपोआप काहीच होत नाही, सगळं बोटावर असतं.

पहिल्यांदा मी ते गिटारच्या हिशेबाने बनवलं होतं आणि बेसच्या जाड तारेला ते नुसतं घोरायचं. दोन कपॅसिटर बदलले, खटका बसवला आणि तू पडवीत लावून पाहिलंस. आई बोंबील निवडत होती. तिने मान वर करून विचारलं, "त्याच्यात बेडूक घातलंस काय रं?" नाव तिथेच पडलं. पार्टीचे मालक हरेश्वरकाका, त्यांना आधी ते अजिबात आवडलं नव्हतं. "आपली बेंजो पार्टी हाय, डबकं न्हाय," म्हणाले. मग चौलच्या त्या हळदीत नवरदेवाच्या मावशीने टेम्पोसमोर उभं राहून बेडूक परत लावायला सांगितलं, तीन वेळा, आणि पार्टीच्या मालकाला बेडूक आवडू लागला. त्यानंतर मी घरी आले की काका मला इंजिनेरबाई म्हणायला लागले. तू मात्र त्या रात्रीपासून वेगळा वाजवायला लागलास. आधी तू बेसवर नुसता ठेका धरायचास. बेडकाने तुला हळू वाजवायला शिकवलं. चार सूर झाकून वाजवायचे आणि पाचवा उघडायचा, हे तुला कुणी सांगितलं नव्हतं. मला संगीतातलं फार कळत नाही, पण आवाजाची लाट दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर ते दिसतं. तुझी ओळ मी पडद्यावर पाहून ओळखू शकत होते.

मग ते पहिल्यांदा बिघडून आलं. उघडत नाही, म्हणालास. जॅक आतून हिरवा झाला होता. बदलला. दुसऱ्यांदा आलं तेव्हा पेडलमध्ये काहीच सापडेना, म्हणून मी सुट्टी काढून तिकडे आले आणि टेम्पोवर चढून वायरी पाहिल्या. केतनने तुझा बेस आणि बेडूक यांच्या मध्ये कॉम्प्रेसर जोडून ठेवला होता. त्याचं काम म्हणजे हळू सूर वर आणायचा, जोराचा खाली दाबायचा, सगळं एका पातळीत. बेडकाला मग फरकच कळत नव्हता, तो उघडणार कशाला? मी क्रम बदलला, बेडूक पुढे, कॉम्प्रेसर मागे, आणि केतनला टेम्पोवरच झापलं की विचारल्याशिवाय वायरी हलवत जाऊ नको. तो वायर गुंडाळत राहिला. तू हसत होतास. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. ज्या बिघाडाला कारण असतं, तो मला आवडतो.

केतनने तो कॉम्प्रेसर का लावला होता हे मला आता कळतं. तुझे सूर खालीवर होऊ लागले होते. तो ते लोकांपासून झाकत होता. कदाचित तुझ्यापासूनही.

तिसऱ्यांदा तारा जुन्या आहेत असं ठरलं आणि तू नवीन तारा घातल्यास. त्या वेळी मी सेन्सिटिव्हिटीच्या बटणावर, तू ते जिथे ठेवतोस तिथे, पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, म्हणजे टेम्पोच्या धक्क्याने हललं तर परत तिथे आणता येईल. या वेळी पेडल आलं तेव्हा बटण ठिपक्याच्या खूप पुढे होतं. पुढे म्हणजे उजवीकडे, जिथे हलक्या बोटालाही ते उघडतं. आणि बटण टेम्पोने हललेलं नव्हतं. टेम्पो एकाच बाजूला हलवत नाही. तू ते फिरवत आला आहेस.

माझं नोकरीतलं काम काय आहे ते तुम्हा सगळ्यांना मी अनेकदा सांगितलं आहे आणि आई अजूनही मी मीटरवाली आहे असं सांगते. ते जवळजवळ बरोबर आहे. कारखान्यातली दाबाची, तापमानाची गेजं खरं बोलतात की नाही ते मी तपासते. लोक गेज पाठवताना नेहमी लिहितात, गेज खराब आहे. निम्म्या वेळा गेज बरोबर असतं आणि टाकीतला दाबच उतरलेला असतो. ते ऐकायला कुणाला आवडत नाही.

बेडकाला मी मशिनवरून ठरलेला सिग्नल दिला. बटण ठिपक्यावर आणून. उघडला. सिग्नल कमी केला, तेवढा कमी उघडला. बनवला त्या दिवसाची आणि आजची रेघ एकावर एक ठेवली तर एकच दिसते. मग शेजारच्या मुलीचा बेस मागून आणला आणि माझ्या बोटाने तार ओढली. मला तालात टाळीसुद्धा वाजवता येत नाही हे तू सगळ्या वाडीला सांगितलं आहेस. माझ्या बोटाला बेडूक पूर्ण उघडला, दादा. खोलीभर ओरडला. मी बटण डावीकडे नेलं, आणखी डावीकडे नेलं, तरी उघडत होता.

शिमग्याला आले होते तेव्हा तू दुकानाच्या कुलपाला चावी डाव्या हाताने लावलीस. नेहमी अशीच लावतो असं दाखवत लावलीस. तुझ्या उजव्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मधलं मांस बसलं आहे, तिथे खळगा पडला आहे. कोपराखाली कातडीच्या आत काहीतरी फडफडत होतं आणि तू बाही खाली ओढलीस. मी विचारलं तेव्हा म्हणालास, दिवसभर पंपाच्या मोटरींचं वाइंडिंग करतो, तांब्याची तार ओढून ओढून हात दमतो. वहिनीने तेव्हा माझ्याकडे पाहिलं नाही. वहिनी समोर असून बघत नाही असं कधी होत नाही. आणि हल्ली तू शर्ट घालत नाहीस, टीशर्टच घालतोस. शर्टाला बटणं असतात.

म्हणून मी तुला मुंबईला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. हातात सुया टोचून त्यांनी तपासलं, मग दोघांनाही समोर बसवून सांगितलं. बहुतेक हिंदीत आणि इंग्रजीत, पण लपवलं काही नाही. तुला त्यातला एक शब्द ओळखीचा वाटला, मोटर. बोटीवर बसलो आणि तू वहिनीला फोन लावून म्हणालास, "काय न्हाय गो, मोटरचा प्रॉब्लेम हाय. मानसाला पन मोटर असते, आज कलला." मांडव्याला उतरेपर्यंत तू तीन जणांना ते सांगितलं होतंस. दुकानात केतन म्हणाला, मग काय दादा, स्वतःचीच वाइंडिंग करा, घरचं काम हाय, मजुरी लागनार न्हाय. सगळे हसले, तूही हसलास. किहीमच्या निम्म्या वाड्यांच्या मोटरी तू जळलेल्या उघडून चालू करून दिल्या आहेस. मोटर म्हटल्यावर तुझ्यासाठी ती दुरुस्त होणारीच वस्तू. मी तेव्हा बोलले नाही, कारण तुला खरंच तसं वाटत होतं की तू आम्हाला तसं वाटू देत होतास, हे मला तुझ्या चेहऱ्यावरून ठरवता येत नव्हतं. आजही येत नाही. तू आम्हाला तसं वाटू देत असशील तर पुढचं वाचून तुला नवीन काही कळणार नाही.

डॉक्टर म्हणाले त्या मोटर न्यूरॉनमधली मोटर म्हणजे पंप नाही. मोटर तर तुझ्या हातात आहे, ते मांस. मेंदूतून आणि मणक्यातून तिच्यापर्यंत ज्या तारा येतात, त्या मरत आहेत. करंट पोहोचत नाही म्हणून मोटर वाळते आहे. तू जळलेली तार काढून नवी भरतोस. ही तार जगात कुठेच भरत नाहीत. मी शोधलं. मला शोधता येतं, हे तुला माहीत आहे. एक गोळी आहे, ती थोडं लांबवते. परत काही आणत नाही. उजवा हात जाईल, मग डावा. मग पाय, बोलणं, गिळणं. शेवटी श्वास. क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो, असं डॉक्टर म्हणाले होते. ते वाक्य ते मराठीत बोलले होते.

हे आज लिहिण्याचं कारण हरेश्वरकाका. परवा दुपारी त्यांचा फोन आला. आधी आईची चौकशी केली, मग पावसाची, मग थळच्या होड्यांची. मग म्हणाले, "प्राप्ती, तू येक काम कर. प्रनयला सांग, आतला पार्ट मिलत न्हाय, बेडूक आता होनार न्हाय. बेडूक नाय तर तो आपसूक टेम्पोवर चढायचा न्हाय. केतन वाजवंल या हळदीना. त्याला नको बोलायला माज्याच्यानं होनार न्हाय गो." मधे मधे खोकत होते. त्यांना तुझं वाईट करायचं नाही. गेल्या हळदीत तुझी तीन गाणी अर्धी गेली, आणि वरातीतली पोरं हसली तेव्हा काकांनी टेम्पोवरून उतरून एकाची कॉलर धरली, हे तुला ठाऊक नसेल. माझ्या एका खोट्या वाक्याने सगळ्यांची सोय होणार होती. तू पेडलला शिव्या दिल्या असत्यास, मला दिल्या असत्यास, आणि पडवीत बसून पार्टची वाट पाहिली असतीस. तू वाट बघत बसशील, एवढंच मला सहन होईना. म्हणून पेडल परत पाठवते आहे. त्यात दोष नाही, मी काही बदललेलं नाही, बटण ठिपक्यावर आहे. पूर्ण उजवीकडे फिरवलंस तर ते उघडेल, पण मग ते टेम्पोच्या जनरेटरलाही उघडेल आणि केतनच्या खोकल्यालाही. ते तुझं वाजवणं नसेल. टेम्पोवर चढायचं की नाही ते तू ठरव आणि काकांना तूच सांग, ते विचारणार नाहीत. वहिनीसमोर नाटक करू नकोस, हाताचं सगळं ती आपण मुंबईला जाण्याच्या आधीपासून जाणते. आणि ती सांगते की दुकानात बसून तू दिवसभर स्पंजचा चेंडू पिळतोस, या हळदींपर्यंत हात तयार होईल म्हणून. ते बंद कर. त्याने हात तयार होत नाही, लवकर दमतो. उरलेला जोर जेवायला ठेव. मी रविवारच्या पहिल्या बोटीने येते, तेव्हा तुझ्या हाताने जेवताना मला तुला बघायचं आहे.

तुझीच,
प्राप्ती