सेलरीला गुंडाळलेला कागद

रविवार, १२ जानेवारी १९७५

मामंजी दुपारच्या एस.टी.ने नेसरीला परत गेले आणि मी मघापासून एकटीच हसते आहे. त्या कागदापायी.

काल परसात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाले, "सूनबाई, कोथमीर लई माजलीया की. आन् तिला पेपर कशाला गुंडाळलाय? वाचती व्हय?"

मी म्हटलं, ही सेलरी. देठांना ऊन लागलं की ते कडू होतात, म्हणून कागद. लग्न झाल्यापासून त्यांचं एकच ऐकत आलेय, शाळेतल्या बाईला मातीतलं काय कळतंय. तेच पुन्हा ऐकायची तयारी ठेवली. गेल्या वर्षीची सगळी कडूच निघाली होती ना.

पण ते उकिडवे बसले आणि बुडाशी ओढलेली माती चाचपली. "म्हंजी उसागत भर लावलीयास की."

जेवताना एक देठ खर्ड्यात बुडवून भाकरीबरोबर कचाकचा खाल्ला. सेलरी अशी खातात का? कुणास ठाऊक. "कडू न्हाय," एवढंच म्हणाले. मला तेवढं पुरे होतं.

आज निघताना एक अख्खा गड्डा मागून घेतला. मी कागद सोडवायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गावात असंच दावतो."

फाटकाशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "कोथिंबीर का हो?"

"कोथमीर कुठली? शेलरी हाय," मामंजी म्हणाले. "आमची सून पिकवती."