नालीचा उतार

१९ ऑगस्ट, अहमदपूर

तळघरात घोट्याएवढं पाणी शिरलं. घरामागची नाली मीच बांधलेली. बाबा तेव्हा म्हणाले होते, "पाण्याच्या नळीनं पातळी मोजून उतार बघ." मी भडकलो, "सिव्हिलची दोन वर्षं केलीत, मला नका शिकवू!" नजरेनंच उतार दिला, तो घराकडंच गेला. आज बाबा एवढंच म्हणाले, "इंजिनेर, फोडून परत बांधू."

पण माझ्या वर्गातल्या मीनाच्या वह्या खाली पेटीत होत्या. कॉलेज सोडलं तरी मी परीक्षा द्यावी, म्हणून तिनं दिलेल्या. सगळी शाई धुऊन गेली. संध्याकाळी तिचा फोन, "वह्या वाचून राहिलास ना?" मी म्हणालो, "हाव." का म्हणालो?

समासात तिनं पेन्सिलनं लिहिलेलं तेवढं राहिलंय: 'नालीच्या उताराचं गणित हमखास येतं. दोनदा वाच.'

मी वही एकदाही उघडली नव्हती.