जरा वर बघून सांगाल?

८ नोव्हेंबर १९८७, रविवार
कशेळीचा वसंत मला बघायला आला. लूम-फिटर आहे, यंत्रमाग दुरुस्त करतो. त्याच्या आईनं आधीच सांगून टाकलं, "लूमच्या आवाजान कान गेलं त्याचं. थोराथोरा ऐकतो. बाकी काय कमी न्हाय." मग सगळे ओरडूनच बोलायला लागले. बाबा तर खाडीपलीकडच्याला हाका माराव्यात तसे.
मी रीतीप्रमाणे मान खाली घालून उत्तर दिलं. तर तो म्हणाला, "जरा वर बघून सांगाल? ओठ दिसले की कळतं."
बघितलं वर. आईचे डोळे मोठे झाले. इतकं नीट माझ्याकडे आजवर कुणी...

९ नोव्हें.
बाबा : "बहिऱ्याला पोरगी द्यायची न्हाय." विषय बंद.

१३ नोव्हें.
शाळेत मी वर्ग घेत असताना वीज गेली. आजूबाजूचे सगळे लूम एकदम थांबले. मुलं पाढे म्हणत होती, पण मला नुसते ओठच दिसत राहिले. छोटे, मोठे, दात पडलेले. किती वेळ, कोण जाणे.

१८ नोव्हें.
मधल्या सुट्टीत वसंत शाळेत! व्हरांड्यात बसलो. "ऊन तुमच्या पाठीला आहे. चेहरा काळोखात जातो." जागा बदलली.
"बाबा नाही म्हणतात."
"मामांचा काय संबंध?"
ओठांवर बाबा आणि मामा सारखेच दिसतात म्हणे! मी आणखी मोठ्यानं सांगितलं. "ओरडू नका. शब्द बदला."
"वडील. वडील नाही म्हणतात."
कळलं त्याला. हसणं गेलं.
नंतर विचारलं, ऐकू येतं ते कसं? म्हणाला, "आपण पाण्याखाली, आणि काठावरून कुणीतरी बोलतंय."
संध्याकाळपर्यंत मी पण पाण्यातच.

२१ नोव्हें.
आरशासमोर त्याचं नाव घेऊन बघितलं, आवाज न करता. मागे आई. माझ्या वेणीवरून हात फिरवून गेली.

२९ नोव्हें., रविवार
काल धीर करून बाबांना म्हटलं, "तुम्ही ओरडलात तरी त्याला कळलं नाही, कारण तुमचा ओठ मिशीत जातो. एकदा नीट बोला त्याच्याशी. मग नाही म्हणा." रागानं उठून गेले. आज सकाळी न्हाव्याकडून आले ते मिशी बारीक कातरून. "बोलाव त्याला."
दुपारी दोघं खिडकीशी, समोरासमोर. बाबा सावकाश बोलत होते, इतक्या हळू आवाजात की स्वयंपाकघरात मला एक अक्षर ऐकू येईना. बाबांची पाठ माझ्याकडे. वसंत त्यांच्या ओठांकडे बघत होता. बराच वेळ. मग त्यानं मान हलवली, आणि बाबांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून, आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणाला, "वडील हो म्हणतात."