पर्यावरणासाठी एक फांदी

नाशिकरोड,
रविवार

ती. दादांस ढुंढिराजचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि वहिनी मात्र तुमच्यावर कुरकुरत असतील, म्हणजे ओझरला सगळं क्षेम आहे असं धरून चालतो. इकडे आम्ही उभयता ठणठणीत. माझ्या कोपराला थोडं खरचटलंय, त्याचाच हा खुलासा. (तुमच्या कानावर उलटसुलट आलंच असेल. मी झाडावरून पडलेलो नाही, मला उतरवण्यात आलं.)

माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात, बॉयलरपाशी गेली. त्यामुळे लतिकानं गच्चीवर सोलर बसवायचं काढलं तेव्हा मी साफ सांगितलं, उन्हावर पापड वाळतात, घर चालत नाही. (चिमणीच्या धुराचे नियम कडक झाले तेव्हाही मी असाच बोललो होतो. नंतर वाळत घातलेले सदरे पांढरेच राहायला लागले, तेव्हा गप्प बसलो.) तिनं माझं शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी पॅनेल बसवणाऱ्यांना चहा दिला. पण दादा, आपल्या छपरावरची वीज तारेतून बाहेर निघालेली मीटरवर दिसली आणि मी पुरता बाटलो! रोज सकाळी पॅनेल पुसतो, ढग आला की त्याला घालूनपाडून बोलतो. लतिका म्हणते, लग्नानंतर माझ्याकडेसुद्धा इतकं बघितलं नव्हतं.

विघ्न आलं ते शेजारून. दुपार झाली की वत्सलाबाईंच्या आंब्याची सावली नेमकी पॅनेलवर. मी एक फांदी मागितली. त्या म्हणाल्या, "सासऱ्यांनी लावलेलं झाड आहे. आधी महापालिकेला विचारा, मग मला, मग पोपटांना." मी महापालिकेत अर्ज टाकला. पण धीर कुणाला? तोडायची नाही तर निदान दोरीनं ओढून बाजूला बांधू, म्हणून शिडी लावून वर चढलो. (वत्सलाबाई देवळात गेल्यात अशी माझी माहिती होती. माहिती जुनी निघाली.) मी फांदीवर बूड टेकलं आणि शिडी घसरली. नेमक्या त्याच घटकेला उद्यान विभागाच्या मृण्मयीताई पाहणीला आल्या.

"अर्जदार कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. वत्सलाबाईंनी वर बोट केलं.

"काका, फांदी कशासाठी तोडायचीय?"

"पर्यावरणासाठी," मी वरूनच म्हणालो.

मृण्मयीताईंच्या हातातलं पेन पडलं. नियमाप्रमाणे निरोगी झाडाला हात लावता येणार नाही, हे त्यांनी हसू आवरत, तीनदा सुरुवात करून सांगितलं. शिडी पुन्हा लागेपर्यंत मी वरच. करणार काय, आपलीच गच्ची न्याहाळत बसलो. तेव्हा दिसलं, की पाण्याच्या टाकीपलीकडे लख्ख ऊन आहे आणि त्या उन्हात माझी आरामखुर्ची एकटीच तापतेय. (लतिकानं पॅनेलसाठी आधी तीच जागा दाखवली होती. मी म्हणालो होतो, तिथे मी पेपर वाचतो.)

खाली उतरल्यावर हे सांगितलं. लतिका म्हणाली, "एवढं कळायला झाडावर चढावं लागलं का हो?"

आता पॅनेल उन्हात आणि खुर्ची आंब्याच्या सावलीत. वीज दणकून येते. दुपारी वत्सलाबाई तिखटमीठ लावलेली कैरी घेऊन गच्चीवर येतात आणि आल्यागेल्याला माझी फांदी दाखवतात. पोपटांनीही मला माफ केलेलं दिसतंय. एकूण, दादा, फार मजेत आहे.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
ढुंढिराज

ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. स्वयंपाकघरातही आता सगळं विजेवर आलंय आणि विजेवर वांग्याचं भरीत होत नाही. तुमच्या माळ्यावरची कोळशाची शेगडी गुपचूप पाठवा. लतिकाला कळता कामा नये, माझा धर्म जाईल.

ता. क. २ भाऊजी, मी लतिका. पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं. शेगडी जरूर पाठवा. वांगी मी आणून ठेवलीत.