फोटोखालची ओळ

कळंब, रविवार

प्रिय योगीराज,

तू म्हणशील, अक्काला आता फोन करता येईना का? येतो रे बाबा. पण हे फोनवर सांगायला जीभ रेटत नाही. चार दिवस झाले, कागद घेऊन बसते अन् उठते. पत्र वाचल्यावर तू मला अक्का म्हणशील का, याचीच लई धास्ती आहे.

तुझ्या पुण्याच्या घरात दर्शनी भिंतीवर आपला तो फोटो आहे. किल्लारीच्या भूकंपानंतरचा, तिसऱ्या दिवशीचा. उमरग्याकडच्या आपल्या गावात, पडक्या भिंतीपाशी बसलेली अकरा वर्षांची मी, मांडीवर कुंची घातलेलं सहा महिन्यांचं बाळ. साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला, मग कुठं कुठं छापला. खाली एकच ओळ : घरात उरलेली दोघं, म्हाळसा आणि तिचा भाऊ योगीराज. तू येणाऱ्याजाणाऱ्याला तो हौसेनं दाखवतोस. तेव्हा मी चहाच्या निमित्तानं आत जाते, हे तुझ्या कधी ध्यानात आलं नाही.

माझा भाऊ पहिल्याच दिवशी दुपारी आईच्या कुशीत सापडला. दोघांची मढी माझ्या डोळ्यांदेखत नेली. दुसऱ्या दिवशी एका जवानानं खालच्या आळीतून काढलेलं बाळ माझ्या मांडीवर दिलं, जरा धर म्हणाला, आणि गेला तो गेलाच. बाळ माझं बोट चोखत निजायचं. मग फोटोवाला आला. भला माणूस, फोटो काढताना त्याचेच डोळे भरले होते. भाऊ का तुझा, म्हणाला. मी मान डोलावली. नाव विचारलं, तर माझ्या तोंडात एकच नाव होतं.

मला फसवायचं नव्हतं रे. नाही म्हटलं तर हेही घेऊन जातील, एवढंच कळत होतं. मग छापून आलं आणि सगळ्यांसाठी तेच खरं झालं. मामा तो अंक हातात धरून आपल्याला शोधत आले. भाच्याला त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं. पुढं कळलंही असेल, पण कधी विचारलं नाही. तू बोलायला लागलास ते अक्का म्हणूनच. मग कुठल्या तोंडानं सांगू? आणि जो गेला त्याच्यासाठी मला मोकळं रडताही आलं नाही. त्याचं नाव घेतलं की तू ओ द्यायचास.

गेल्या बुधवारी इरम्मा नावाची म्हातारी नातवाला घेऊन दारात आली. नातवानं तिला मोबाइलवर तो जुना फोटो दाखवला होता, आणि तिनं कुंची ओळखली. जुन्या खणाची, काठाला कवड्या लावलेली. भावाच्या लेकरासाठी तिनंच शिवलेली. माहेरचं कुणीच वाचलं नाही, असंच तिला सांगितलेलं. मी तिला पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या घालेल. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

योग्या, ती तुझी आत्या आहे. बारशाला तिनंच तुझ्या कानात नाव सांगितलं होतं. मी ते विचारलं, तर म्हणाली, तुला न्हाय सांगत माय, त्याच्याच कानात सांगते. शनिवारी ती पुन्हा येणार आहे. तू ये. तिच्यापुढं वाक, तुझं नाव ऐकून घे. आणि मग मला सांग, मी तुला काय म्हणून हाक मारू.

तुझीच,
अक्का